मुक्काम किती रात्रींचा?

उंट एकदम बसत नाही. आधी पुढचे गुडघे टेकतो, मग मागचे पाय दुमडतो, मग छाती जमिनीला लावतो, आणि एवढा वेळ त्याची कुरकुर चालूच असते. भिवापूरजवळ आमच्या मावसभावाच्या वावरालगतच्या पडीत सात उंट असे एकामागून एक बसले. प्रत्येकाच्या पाठीवर उलटी खाट. खाटेच्या चार पायांमध्ये गोधड्या, पाण्याचा ड्रम, पितळी हंडा, ताटाएवढं सोलर पॅनल, आणि सगळ्यांत वर काल-परवा जन्मलेली कोकरं, माना तेवढ्या बाहेर. एका बाईनं दोर सोडले, खाट खाली घेऊन पायांवर उभी केली, तिच्यावर गोधड्यांची थप्पी रचली. चहाला उकळी फुटायच्या आत घर लागलं होतं.

हे कच्छचे रबारी. आपल्याकडं त्यांना कुणी काठेवाडी म्हणतं, बहुतेक जण नुसतं 'उंटवाले'. गुजरातेतून कधीकाळी निघालेली ही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या विदर्भातच फिरताहेत. पोट मेंढ्यांवर, बिऱ्हाड उंटांवर. त्यांच्या तळाला डेरा म्हणतात. सोयाबीन, तूर निघालेल्या वावरात त्यांनी रात्री मेंढ्या बसवायच्या आणि शेतकऱ्यानं त्याचं धान्य, वर थोडी नगदी द्यायची, हा जुना व्यवहार.

त्या दिवशी भाऊकडं रोडग्यांचा बेत होता. मावसभावाला आम्ही सगळे भाऊच म्हणतो. रोडग्यांसाठी मी नागपुरातून मामांना घेऊन गेलो होतो. मामा वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले. पेंच, नागझिरा, उमरेड अशी नोकरी झाली. धुऱ्यापलीकडचे उंट पाहून त्यांचा चेहरा जो उतरला, तो वांग्याच्या भाजीनंही सुधारला नाही. त्या दुपारी दोघांत जे झालं ते आठवेल तसं लिहितो आहे. मी मध्येमध्ये बोललो, पण माझ्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

"इथं यायच्या आधी कुठं बसले होते हे?" मामांनी विचारलं.

"तिकडं, मामा तलावाजवळ."

"किती रात्री?"

"आता ते मले काय माहीत जी मामा. असतील आठ-दहा."

"मग तुला महत्त्वाचं तेच माहीत नाही," मामा म्हणाले. "डेऱ्यानं नुकसान होतं ते चरण्यानं कमी, बसण्यानं जास्त. चरताना कळप पसरलेला असतो. इथं एक घास, तिथं एक घास. संध्याकाळी तेच सगळं जनावर एका एकरावर गोळा होतं. रात्रभराचं मूत, लेंड्या, खुरांनी मळलेली माती. एक रात्र झाली तर जमीन ते पचवते. दहा रात्री झाल्या की गवताची मुळं मरतात. पावसाळ्यात तिथं पवन्या येत नाही, मारवेल येत नाही. तरोटा येतो, गुडघाभर. आम्ही नव्या गार्डला शिकवायचो, जंगलात तरोट्याचं गोल रान दिसलं की समजायचं, इथं कुणाचा तरी तळ होता."

मी म्हटलं, तरोट्याची कोवळी भाजी तर आपणही खातो.

"तू खा. चितळ काय खाईल ते सांग."

भाऊ हसला, पण मुद्दा सोडला नाही. "मामा, तुमच्या जंगलात जी घाण, तेच माह्या वावरात खत. त्याच लेंड्यांसाठी मी धान्य मोजून राहिलो. युरिया टाकला त एका पिकाचं काम. मेंढ्या बसवल्या त पुढच्या सालीबी जमीन भुसभुशीत राह्यते. अन् हे उंट आले म्हणून मेंढ्या आल्या. उंट नसते त यायचं बिऱ्हाड कोणी आणलं असतं? ट्रॅक्टर?"

"आणतात की आता काही जण ट्रॉलीतून."

"मंग ट्रॅक्टरच्या चाकानं तुमची जमीन दबत नाही का?"

इथं भाऊची बाजू भक्कम होती. उंटाला खूर नसतो. दोन नखं आणि खाली रुंद, मऊ गादी. दीड-दोनशे किलो ओझं घेऊन तो ओलसर वावरातून गेला तरी बैलाच्या खुरासारखा खड्डा पडत नाही. मामांनी हे लगेच मान्य केलं, आणि तेवढ्याच लगेच बोट वर केलं: "पाय नाही रे, मान बघ." उंट झाडपाल्यावर जगतो. बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब. जिथं शेळी पोचत नाही तिथं तो सहज पोचतो. त्याच्या आवाक्याच्या वरचं राहतं ते डेऱ्यातली माणसं लांब काठीला विळा बांधून कोकरांसाठी उतरवतात. एका झाडाखाली डेरा आठवडाभर राहिला की झाडाचा खराटा होतो.

"अन् माह्या धुऱ्यावरच्या बाभळी कोणी लावल्या?" भाऊ म्हणाला. "मेंढ्यांनी. शेंगा खाल्ल्या, बिया लेंडीतून पडल्या, पाऊस आला, उगवल्या. वनमहोत्सवात लावलेली रोपं किती जगली ते सांगा आता."

"वेडी बाभूळही त्याच लेंडीतून येते," मामा म्हणाले. पण वनमहोत्सवाबद्दल काही बोलले नाहीत.

माझ्या डोक्यात या वेळी दुसरंच चाललं होतं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड छापले. त्यात बंजाऱ्यांच्या ताम्रपटाची हकिकत आहे. शहाजहानच्या काळात, १६३० च्या सुमाराला, आसफखानाच्या दख्खन मोहिमेला धान्य पुरवायला भंगी आणि जंगी नाईकांचे टांडे आले. त्यांच्याकडं १ लाख ८० हजार लादणीचे बैल होते असं सांगतात. एवढ्या बैलांना वाटेत चारा-पाणी कुठलं? म्हणून आसफखानानं त्यांना ताम्रपट दिला: दुसरीकडं मिळालं नाही तर लोकांच्या रांजणातलं पाणी आणि घरांच्या छपरावरचं गवत घ्यायची मुभा, आणि वर दिवसाला तीन खून माफ. मी हे सांगितलं तर मामांना आनंदच झाला.

"बघ! म्हणजे तळ पडला की गावाचं छप्परसुद्धा शिल्लक राहत नव्हतं. सरकारला आधीच ठाऊक होतं, म्हणून तर आधीच माफी लिहून दिली."

"पण दुसऱ्या दिवशी टांडा पुढं जात होता ना जी," भाऊ म्हणाला. "लाख बैल घेऊन कोणी एका जागी बसते का? चरत चरत चालायचं, म्हणून तर लादणी स्वस्त पडे."

लादणीचा तो धंदा रेल्वेनं संपवला. १८६७ साली नागपूरला गाडी आली. त्यानंतर टांडे हळूहळू गावाशेजारचे तांडे होऊन बसले. वाटेवरचं गवतही मोकळं राहिलं नाही. जंगलाला कायदे आले, भटक्या ढोरांना कोंडवाडे आले. मध्य प्रांतात निस्तार आला: गावानं गावाच्या शिवारातून किती गुरं चारायची, किती लाकूड आणायचं, हे निस्तार पत्रकात लिहिलेलं असे. त्यात गावाचा हक्क नोंदला गेला. गावावरून जाणाऱ्याचा रकानाच नव्हता, आणि उंटवाल्यांची सगळी अडचण त्या एका रकान्यात आहे असं मला वाटतं.

मामांनी माझं हे प्रवचन संपेपर्यंत सुपारी कातरली. मग म्हणाले, "कायद्यात रकाना आहे. २००६ चा वनहक्क कायदा. भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलाय."

"अन् पुरावा?"

मामा थोडे थांबले. आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. जो दर चार दिवसांनी गाव बदलतो त्यानं कुठल्या गावचा दाखला आणायचा?

"बरं, ते जाऊ दे," भाऊच म्हणाला. "तळेगाव दशासरचे उंट आठवतात का तुम्हाले?"

आठवत होते. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासर पोलिसांनी कच्छहून पायी येणारे ५८ उंट ताब्यात घेतले. क्रूरतेची तक्रार होती. पाच रबाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला, उंट अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत ठेवले. पुढं प्रकरण कोर्टात गेलं आणि उंट मालकांना परत मिळाले.

"ते पोलिसांचं काम, आमचं नव्हतं," मामा म्हणाले.

"मी कोणाचं म्हणून नाही राह्यलो. मी तुमच्याच हिशेबानं विचारून राह्यलो. चालतं जनावर, त्याले धरून एका आवारात उभं केलं. ५८ उंट. गायीचं कुटार त्याले चालते का? त्याले पाला पाहिजे. तुम्ही म्हणता, एका जागी दहा रात्री वाईट. मंग त्या किती रात्री झाल्या असतील मोजा."

मामांनी मोजल्या नाहीत. त्यांनी बाजू बदलली, आणि आता ते जे बोलले त्याला भाऊकडं धड उत्तर नव्हतं. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य १८९ चौरस किलोमीटरचं. २०१२ साली घोषित झालं, नागपूर आणि भंडारा दोन्ही जिल्ह्यांत पसरलंय. हत्तीच्या पावलात मावेल एवढं जंगल, असं मामा म्हणतात. फेब्रुवारीनंतर तिथले नाले आटतात, चार पाणवठ्यांवर सगळं जंगल पाणी पितं. त्याच पाण्यावर हजार मेंढ्या आल्या, त्यातल्या चारांना लाळ्या-खुरकूत असली, किंवा पीपीआर असला, तर तो रोग रेषा बघून थांबत नाही. डेऱ्याची कुत्री असतात, त्यांचे रोग वेगळे. बिबट्यानं मेंढी नेली की कुणीतरी उरलेल्या धडावर विष टाकतं आणि वाघ मरतो. "मी पाहिलंय," एवढंच ते म्हणाले आणि गप्प बसले.

भाऊ म्हणाला, लस द्या ना मग. मामा म्हणाले, डेरा कोणत्या गावच्या यादीत धरू? भाऊ म्हणाला, ते सरकारनं पाहावं. हे उत्तर लंगडं होतं, आणि भाऊलाही ते कळलं, कारण त्यानं लगेच दुसरीकडून उडी घेतली. "अन् तुमच्या जिप्सी? ३१ डिसेंबर २०२४ ले याच अभयारण्यात गाड्यांनी वाघीण अन् तिची पिल्लं दोन्हीकडून कोंडली. नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली तवा आरडाओरड झाली. तो तळ नव्हता का? अर्धा तास त अर्धा तास."

"होता," मामा म्हणाले. "तेही चूकच."

एवढं सरळ उत्तर भाऊला अपेक्षित नव्हतं.

मी मग अमेरिकेतली गोष्ट काढली. तिथल्या राखीव रानात लोक खेचरांवर तंबू लादून आठवडाभर जातात, आणि त्यांना नियम आहेत. पाण्यापासून साधारण दोनशे फूट लांब जनावर बांधायचं. झाडाला बांधायचं नाही, कारण दोर आणि खुरं मिळून साल आणि मुळं सोलतात. दोन झाडांमध्ये उंच दोर ताणून त्याला बांधायचं. बऱ्याच ठिकाणी चाराही तणाचं बी नसलेला, तसा दाखला असलेलाच न्यावा लागतो. दाणा तोबऱ्यातून द्यायचा, जमिनीवर सांडायचा नाही. निघताना लीद पसरून टाकायची.

"तोबरा त आमच्या आज्याच्या घोड्याले होता," भाऊ म्हणाला. "अन् दोर ताणून काय करता? उंटवाला पुढचे दोन पाय बांधते, झालं. तो बिचारा टुकू टुकू चालते, लांब जात नाही. यालेच त पायबंद म्हणतात जी."

"आणि उत्तराखंडात," मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही नागपूरचे ट्रेकर पाठीवर सॅक आणि खेचरावर तंबू घेऊन बुग्यालवर जाता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या हायकोर्टानं बुग्यालवर रात्री राहायलाच बंदी घातली. दिवसाला दोनशेपेक्षा जास्त माणूस नको म्हणून सांगितलं. गवत तिथंही चरण्यानं मेलं नव्हतं, मुक्कामानं मेलं होतं."

हे मला लागलं, कारण त्या आधीच्या वर्षी त्या गवतावर मी तीन रात्री झोपलो होतो.

चार वाजता आम्ही तलावावर गेलो. मामांनाच बघायचं होतं. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या काळातले असे हजारो आहेत, आणि 'मामांचा तलाव' हा विनोद आमच्या घरात तीस वर्षं जुना आहे. त्या दिवशी कुणी केला नाही. पाणी मागं सरकलेलं होतं. काठावर, पाण्यापासून पन्नास पावलांवर, अर्ध्या एकराचा काळपट गोल. मधे तीन चुलींची राख. लेंड्यांचा थर इतका की चप्पल दबत होती, वासानं नाक चुरचुरत होतं. एका बाभळीचं खोड माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर घासून गुळगुळीत झालेलं, पांढरट केस चिकटलेले. उंट तिथं अंग घाशीत असावा. गोलाच्या बाहेर कुसळी गवत उभं होतं, वाळलेलं पण दाट. आत एक काडी नाही.

"हा तलाव जून लागला की हे सगळं आत घेणार," मामा म्हणाले. "मग शेवाळ. मग मासोळी नाही म्हणून गावच ओरडणार."

भाऊ खाली बसला, मूठभर लेंड्या हातात घेतल्या. "एवढं खत," म्हणाला. "अन् पाण्याच्या काठी वाया."

परत आल्यावर मामा डेऱ्यावर गेले. आम्हीही मागून गेलो. ज्या बाईनं खाट उतरवली होती तिलाच त्यांनी हिंदीत विचारलं, तलावावर का बसला होतात? ती कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं वर न बघता उत्तर दिलं आणि ते उत्तर त्या दुपारच्या आमच्या सगळ्या बोलण्याएवढं लांब नव्हतं, पण पुरेसं होतं. पाण्याकाठी बसायला आम्हाला आवडतं असं कुणी सांगितलं? ओल्या जागेवर मेंढीचे खूर सडतात. माश्या उंटाला खातात, उंट झिजून मरतो. रात्री जनावर पाण्यावर येतं, माणसाला झोप नाही. पांदणीनं पुढं निघायचं होतं. पांदणीत एकानं हरभरा पेरलेला, एकानं तारेचं कुंपण आत घेतलेलं. दरवर्षी बसायचो त्या झुडपीवर वनखात्यानं चर खणून रोपं लावली. इकडचं तुरीचं वावर रिकामं व्हायला वेळ होता. मग जायचं कुठं? आठ-दहा नाही, चौदा रात्री बसलो.

झुडपी म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत काटेरी झुडपांच्या ज्या जमिनी महसुलात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांवर वर्षानुवर्षं गावची ढोरं चरली आणि डेरे बसले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या जमिनींना वन ठरवलं. प्रश्न सुमारे ८६ हजार हेक्टरांचा होता. बिल्डरांच्या हातून वाचल्या म्हणून मामांना तो निकाल फार आवडतो. मलाही. पण डेऱ्याला जी एक रात्र तिथं काढता येत होती, ती आता कुठं काढायची, हे कुणी विचारलेलं नाही.

"चौदा," मामा म्हणाले. खिशातून छोटी वही काढली, सवयीनं तारीख घातली, आकडा लिहिला. मग भाऊला म्हणाले, "कारण काही असलं तरी तलाव खराब झाला, हे मी मागं घेणार नाही."

"घेऊ नका जी. पण पांदण अडवली ती उंटानं नाही."

"अभयारण्यात एक रात्रही नको."

"नको. कोण म्हणते पाहिजे?"

"आणि बाहेर पाण्यापासून दोनशे मीटर."

"ते तिलाच पाहिजे. आत्ता ऐकलं ना तुम्ही."

हिमाचलात गद्दी मेंढपाळांना वनखातं चराईचा परवाना देतं. त्यात वाट आणि जनावरांची संख्या लिहिलेली असते. त्यावरून भांडणं होतात, पण भांडायला कागद तरी असतो. मामांच्या मते आपल्याकडं त्यात तिसरी गोष्ट हवी: एका जागी किती रात्री. त्यांचा आकडा दोन. भाऊ म्हणाला, वावर मोठं असेल तर तीन, कारण मेंढ्या रोज चार पावलं सरकवतात. लसीचं काय, तर तालुक्यातल्या पहिल्या मुक्कामावर टोचायची आणि त्याच कागदावर शिक्का मारायचा. त्यावर दोघांचं एकमत झालं, आणि माझ्या आठवणीत या दोघांचं एकमत झालेला हा दुसरा प्रसंग.

माझं मत विचाराल तर मामांचा तरोटा खरा आहे आणि भाऊची पांदणही खरी आहे. पण आधी पांदण. वाट मोकळी नसताना मुक्कामावर बंदी घातली, तर डेरा नाहीसा होत नाही. तो पुढच्या तलावावर जाऊन वीस रात्री बसतो.

भाऊच्या वावरात डेरा दोन रात्री राहिला. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खाटा पुन्हा उलट्या होऊन उंटांवर चढल्या. चुलीचे दगड धुऱ्यावर रचून ठेवलेले होते.

राज्यात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. भाऊनं १ मेच्या सभेसाठी दोन विषय लिहून दिलेत: पांदण मोकळी करणे, आणि पिकं निघालेल्या वावरांत व गायरानात डेऱ्याच्या मुक्कामाच्या जागा आणि रात्री ठरवणे. तुमच्या शिवारात डेरा येत असेल तर तुम्हीही एवढ्या दोन ओळी लिहून द्या.